अकोल्याच्या गच्चीवरच्या काचा

"काळे सर, तुमच्याकडे अंधार आहे का?"

इंगोले मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. दुपारच्या चहाची वेळ होती, स्टाफरूम भरलेली होती, आणि काळे आडनावाच्या माणसाकडे अंधार मागितल्यावर जे व्हायचं ते झालं. सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. आपल्या हातून विनोद घडला हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. कापडी पिशवी छातीशी धरून त्या उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या.

आमच्या विभागात प्रकाशाच्या प्रयोगांसाठी खिडक्यांना काळा रंग दिलेली एक खोली होती. मी त्यांना तिथं घेऊन गेलो. पिशवीतून त्यांनी चार बारक्या बाटल्या काढल्या. उजेडात चारही सारख्याच, पातळ केलेल्या काढ्यासारख्या दिसत होत्या. मी दार लावलं. मॅडमनी निळा टॉर्च लावला आणि बाटल्या पेटल्यासारख्या उजळल्या. एक हिरवट, एक पिवळी, एक नारिंगी, एक लाल.

"रंग टाकलेला नाही," त्या म्हणाल्या. "चारहींमध्ये तांबं, इंडियम आणि गंधक. एकाच चंबूतून काढलेलं आहे, फक्त वेगवेगळ्या वेळी. जितकं उशिरा काढावं तितका कण मोठा होतो, आणि कण मोठा झाला की रंग लालाकडे सरकतो."

"म्हणजे पदार्थ तोच, आणि रंग ठरवतो तो आकार?"

"इतकं बारीक झाल्यावर हो. ढेकळाला हे जमत नाही."

डब्यात कोंडलेल्या कणाचं गणित मी फळ्यावर कितीतरी वेळा सोडवलं होतं. ते बाटलीत भरून समोर ठेवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी उत्साहानं म्हणालो, "मॅडम, हे म्हणजे तंबोऱ्याची तार आखूड केली की सूर चढतो तसंच झालं."

"तंबोरा राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे या उजेडाचा वर्णपट मोजायचं यंत्र आहे ना? तेच पाहायला आले मी. अंधार तर आमच्याकडंही करता येतो."

उपमा त्यांना आवडत नसत. वर्गात एखाद्या मुलीनं अणूला सूर्यमालेसारखं म्हटलं, की त्या शांतपणे विचारत, "कुठं पाहिलं तू?" त्यांचं शिकवणं म्हणजे दाखवणं होतं. जे दाखवता येत नाही ते त्या सांगत, पण सांगताना जरा ओशाळत. आणि दुसऱ्या कोणी काही सांगितलं, की ते संपल्यावर त्यांचा एक शब्द ठरलेला होता. "बरं. मंग?" एरवी त्या आमच्याशी शुद्ध बोलत, पण हा 'मंग' त्यांच्या गावाहून, हिवरखेडहून आलेला होता आणि तो त्यांनी कधी बदलला नाही. त्याच्यापुढं प्राचार्यही जरा सांभाळून बोलत, कारण पहिल्या 'मंग'नंतर दुसरा येई, आणि तिसऱ्याला बहुतेकांकडचं संपलेलं असे.

रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत त्यांची प्रयोगशाळा होती. तीन तोंडांचा चंबू, तो तापवणारी गोल शेगडी, नायट्रोजनचं सिलिंडर आणि एक खडखडणारा पंखा. बाटल्यांतल्या त्या बारीक कणांना क्वांटम ठिपके म्हणतात, आणि ते आता टीव्हीच्या पडद्यात वापरतात. पडद्यामागचा निळा उजेड त्यांच्यावर पडला की ते त्यातला काही लाल करून देतात, काही हिरवा, आणि त्यामुळे पडद्यावरचे रंग शुद्ध दिसतात. जगात बहुतेकांनी सुरुवात कॅडमियम या विषारी धातूपासून केली, कारण त्याचे ठिपके लवकर जमतात आणि झळाळतात छान. मॅडमनीही तेच केलं होतं. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं, आपल्या बेसिनमधलं पाणी जातं कुठं?

हा प्रश्न आपल्यापैकी कोणालाही पडू शकतो. मॅडम त्याच्या मागं चालत गेल्या. छत्री घेऊन कॉलेजच्या मागच्या नालीच्या काठाकाठानं निघाल्या, वस्तीतून गेल्या, नाल्यापर्यंत पोचल्या. नाल्याच्या कडेला एक बाई पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, खुडत होती. मॅडम माळ्याघरच्या. वडिलांच्या मळ्यातला भाजीपाला डोक्यावर घेऊन त्या लहानपणी हिवरखेडच्या बाजारात बसलेल्या. त्यांनी बाईला विचारलं, पाणी कुठलं देता? बाईनं नाल्याकडं बोट दाखवलं. मॅडमनी दोन जुड्या सांभार विकत घेतला, परत आल्या आणि कॅडमियमच्या बाटल्या कपाटात बंद करून वर कागद चिकटवला. त्यानंतर त्यांच्या हाताखालच्या कोणी कॅडमियम वापरलं नाही. तांबं-इंडियमचे ठिपके हट्टी असतात, रंग जरा पसरट देतात, लवकर मरतात. मॅडम म्हणत, मरतात ना, मग का मरतात ते पाहू.

बाहेरच्या जगात त्यांच्याबरोबर हिंडणं ही एक करमणूकच होती. आम्हाला नवीन टीव्ही घ्यायचा होता तेव्हा मी त्यांना दुकानात सोबत नेलं. विक्रेत्यानं एका मोठ्या पडद्यापुढं आम्हाला उभं केलं आणि 'क्वांटम' या शब्दाचं कौतुक सुरू केलं. मॅडमनी पिशवीतून एक जुनी सीडी काढली.

"मॅडम, आता यात सीडी नाही चालत," पोऱ्या नम्रपणे म्हणाला. "पेन ड्राइव्ह लागतो."

"चालवायची नाही, बाबू. पडदा पूर्ण पांढरा करता येईल का?"

त्यानं पांढरा केला. मॅडम पडद्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्याचा उजेड सीडीवर तिरपा घेऊन पाहू लागल्या. मग सीडी त्याच्या हातात दिली. निळा, हिरवा आणि लाल असे तीन पट्टे वेगवेगळे दिसत होते, मधे अंधाऱ्या फटी होत्या. शेजारच्या स्वस्त टीव्हीपुढं तेच केलं तर सगळे रंग एकमेकांत लोळलेले. "याच्यात ठिपके आहेत," त्या म्हणाल्या, "त्याच्यात नाहीत. पलीकडच्याच्या खोक्यावर नाव मोठं लिहिलंय, पण तो मला संशयास्पद वाटतो. पाहू या?" तासाभरात दुकानातले सगळे टीव्ही पांढरे झाले होते, मालक स्वतः सीडी घेऊन फिरत होता आणि आम्ही टीव्ही घ्यायचा विसरून परत आलो होतो.

आता अकोल्याचं सांगतो, कारण मॅडमची खरी प्रयोगशाळा तिथं होती.

त्यांची मोठी बहीण, अक्का, अकोल्याला राहायची. मोठ्या कंपन्या असे ठिपके किती टिकतात हे पाहायला खास भट्ट्या वापरतात, त्यात उष्णता आणि दमट हवा सोडून नमुने ठेवतात. आमच्याकडं तशी भट्टी नव्हती. मॅडमना अक्काची गच्ची आठवली. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना अधिक सांगायला नको. दुपारी गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. मॅडमनी पारदर्शक प्लास्टिकमध्ये ठिपके मिसळून काचपट्ट्यांवर त्याचे पातळ थर दिले, वरून दुसरी काच बसवली, कोपऱ्यावर मार्करनं बॅचचं नाव लिहिलं आणि त्या काचा स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला नेल्या. अक्काच्या गच्चीवर चारपाईवर धोतर अंथरून कुरडया वाळत होत्या. त्या चारपाईशेजारी मॅडमनी आपली चारपाई मांडली.

"हे काय वं वाळू घातलं?" अक्कानं विचारलं.

"उजेड."

"आन् वाळला का मंग?"

"वाळू नये म्हणून तं घालून राहिली."

अक्कानं ते तसंच मान्य केलं. शिकलेल्या बहिणीची बरीच खुळं तिनं मान्य केलेली होती. आठवड्याला मॅडम किंवा त्यांची संशोधन करणारी विद्यार्थिनी रूपाली अकोल्याला चक्कर मारे, निळा टॉर्च लावून काचा पाहून येई. रूपाली भातकुलीची. शांत, नीट कामाची पोर, रोज एसटीनं येणारी. उन्हाळ्याच्या अखेरीस मॅडम काचा घेऊन माझ्या अंधाऱ्या खोलीत आल्या तेव्हा रूपाली परीक्षेच्या कामात होती, म्हणून आम्ही दोघंच होतो.

एकेक काच यंत्राखाली ठेवत गेलो. बहुतेक मेल्या होत्या. काहींत निम्मा उजेडही उरला नव्हता. मग एक काच ठेवली आणि यंत्रातल्या रेषेनं उसळी घेतली. मला वाटलं, चुकून ताजी काच आली. मॅडमनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. धूळ, ओरखडे, कडेला कुरडईचा चिकटा. काच गच्चीवरचीच होती आणि उजेड जवळजवळ जसाच्या तसा होता.

"कुठली बॅच?" मी विचारलं.

मॅडम कोपरा पाहत होत्या. कोपरा कोरा होता. अकोल्याच्या उन्हानं मार्करची शाई खाल्ली होती. सगळ्याच काचांवरची. एखादीवर जांभळट डाग उरला होता, अक्षर नव्हतं.

त्यांनी तिथूनच अक्काला फोन लावला. काचा ज्या क्रमानं मांडल्या होत्या त्याच क्रमानं होत्या का? फोन स्पीकरवर होता. अक्का म्हणाली, "क्रम कायचा? वावटळ आली तवा मी सगळ्या उचलून जिन्यात ठेवल्या ना. मंग पुसल्या आन् परत मांडल्या. बम धूळ बसली होती त्याईवर. कावून, फुटली का एखांदी?"

"नाई अक्का," मॅडम म्हणाल्या. "फुटली नाई. एक जगली."

त्या वर्षी नागपूरला एक परिषद होती. पडद्यांसाठी लागणारे थर बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस तिथं येणार होता, आणि गच्चीवरच्या काचेची बातमी कशी कोण जाणे त्याच्यापर्यंत गेली होती. आमच्या लहानशा कॉलेजात अशी संधी कधी येत नसे. विभागप्रमुखांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्यात शक्यता वाटते त्या बॅचचं नाव सांगून टाका, पुढचं पुढं पाहता येईल. मॅडम म्हणाल्या, "पोराचा बाप कोण ते शक्यतेवर सांगायचं का, सर?"

परिषदेत त्या बोलल्या तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. त्यांनी मरण पावलेल्या काचांबद्दल सविस्तर सांगितलं. उजेड मधून मरत नाही, कडेकडून मरत येतो, म्हणजे दोष एकट्या उन्हाचा नाही, कडेनं शिरणाऱ्या हवेचा आणि ओलीचाही आहे, हे दाखवलं. मग ती एक काच दाखवली. कंपनीच्या माणसानं हात वर केला.

"याची कृती काय?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे सांगायची नाही?"

"सांगितली असती. ही आमच्या बॅचपैकी कुठली हेच कळत नाही. नावं उन्हात उडाली. सगळ्या बॅच मी पुन्हा करून पाहतेय. अजून एकही अशी झाली नाही."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ प्राध्यापक जरा हसून म्हणाले, "मग आम्ही नेमकं काय पाहतोय?"

"एक काच," मॅडम म्हणाल्या. "ती का टिकली असेल याबद्दल कोणाला काही सुचलं तर मला हवंय."

काही लोक हसले. कंपनीचा माणूस चहाच्या वेळेला दिसला नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होतो. बडनेरा यायच्या जरा आधी त्याच म्हणाल्या, "एका माणसानं चांगलं सुचवलं, पाहिलं का तुम्ही? म्हणे नायट्रोजनचं सिलिंडर कोणत्या गाडीतून आलं होतं ते पाहा, प्रत्येक खेपेची शुद्धता वेगळी असते." मला आठवत होती ती हसणारी माणसं, आणि मॅडमना आठवत होता हा एक माणूस.

पुढचं वर्ष त्यांनी सगळ्या बॅच पुन्हा करण्यात घालवलं. रूपालीचा प्रबंध तोवर पूर्ण झाला होता. तिला अंजनगाव सुर्जीला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, त्यामुळे मॅडम एकट्याच करत होत्या. उन्हाळा आला, काचा पुन्हा गच्चीवर गेल्या. या वेळी नावं हिऱ्याच्या लेखणीनं काचेवरच कोरलेली होती. मॅडमना आता कडेचं वेड लागलं होतं. उजेड कडेवरून आत सरकतो तो दुपारी सरकतो की पहाटेच्या ओलीनं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. मे महिन्यातल्या भर दुपारी त्या गच्चीवर छत्री धरून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, चारपाईवर काळं कापड टाकून त्यात डोकं घालून बसत. अक्का खालून हाका मारी. एका दुपारी हाकेला ओ आली नाही. अक्का वर गेली तर मॅडम काळ्या कापडाखाली आडव्या पडल्या होत्या, अंग तव्यासारखं, बोलणं बरळल्यासारखं.

मला निरोप मिळाला तसा मी निघालो. अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा धोका टळला होता. सलाइन चालू होतं, खोलीत कूलरचा वाळ्याचा वास होता, अक्का पायथ्याशी बसून मिनिटा-मिनिटाला बोलत होती. "आपल्या गावात माणसं उन्हातून घरात पळतात. हे घरातून उन्हात पळते. म्हातारपण आलं इले, समजून राहिलं नाई." मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

थोड्या वेळानं रूपाली आली. अंजनगावहून थेट आली होती, तोंडावर रुमालाचे वळ होते. ती पलंगापासून जरा दूरच उभी राहिली. मॅडमनी डोळे उघडले, "बस ना," म्हणाल्या. ती बसली नाही.

"मॅडम, मले तुमाले एक सांगायचं होतं," ती म्हणाली. एरवी ती मॅडमशी नीट पुस्तकी बोलायची. "मागच्या वर्षी तुमी पेपर तपासाले नागपूरले गेल्या होत्या ना, तवा मी एकटीनं बॅच केली. ठिपक्याईवर ते जस्ताचं कवच चढवून राहिली होती, अन् मधातच लाइट गेली."

मॅडमनी उशीवरून मान उचलली.

"शेगडी बंद पडली, ढवळणं बंद पडलं. मले वाटलं, बॅच गेली. इंडियम महागाचं, तुमी कितीदा सांगितलं होतं. मले भेव वाटलं. लाइट आल्यावर मी परत चालू केली, अन् नेहमीसारखी झाली असंच लिहिलं. त्याच्यातली एक काच गच्चीवर गेली होती." ती रडायला लागली. "तुमी वर्षभर तेच ते करत राहिल्या. नागपूरले लोक हसले ते मले समजलं होतं. मी बोलली नाई. आज तुमाले काई झालं असतं तर—"

मी खिडकीशी उभा होतो. मला वाटलं, आता मॅडमच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते पाहू नये. पण पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येऊन बसायला जागाच नव्हती.

"लाइट किती वेळ गेली होती?" त्यांनी विचारलं.

"तासभर. जास्तच असंल."

"नायट्रोजन चालू होता?"

"हो. सिलिंडर तर चालूच होतं."

"चंबू उघडला होता का मधात?"

"नाही."

"लाइट आली तेव्हा चंबूला हात लावून पाहिला?"

"लावला होता. कोमट होता."

"कोमट म्हणजे कसा? चहा निवल्यासारखा, की आंघोळीच्या पाण्यासारखा?"

रूपाली रडता रडता गोंधळली. "आंघोळीच्या... नाही. चहासारखा. बशीतल्या."

"बरं. मंग?"

"मॅडम, मी तुमच्याशी खोटं—"

"रडणं थांबव थोडं. नंतर रड. आधी आठव. परत चालू केल्यावर रंग लगेच आला की सावकाश?"

"इथंबी शाळाच भरवली," अक्का माझ्याकडं पाहून म्हणाली. नर्सनं येऊन सलाइनचा हात हलवू नका म्हणून दोनदा बजावलं. मॅडम त्याच हातानं हवेत चंबू काढून दाखवत होत्या.

त्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात दर रविवारी मुद्दाम लाइट घालवली जाई. रूपाली अंजनगावहून येई. मॅडम चंबू तापवत, कवच निम्मं चढलं की रूपाली बटण बंद करी, आणि दोघी शेजारी खुर्च्या टाकून चंबू निवायची वाट पाहत बसत. मी कधी डोकावलो तर दोघी डबा खात असत. निवताना जस्ताचे अणू घाईनं न बसता नीट जागा धरतात आणि दुसऱ्यांदा तापवल्यावर कवच जाड आणि बिनफटीचं होऊन हवा-ओल आत शिरू देत नाही, असं हळूहळू लक्षात येत गेलं. सगळ्याच काचा टिकल्या नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या चारपाईवर मेलेल्यांपेक्षा जगलेल्या जास्त होत्या.

रूपालीला त्या कधी रागावल्याच नाहीत असं मला वाटत होतं. तिनंच मला पुढं सांगितलं. एका रविवारी, चंबू निवत असताना, मॅडम सहज म्हणाल्या होत्या, "लाइट गेली ते तुह्या हातात नव्हतं. लिहिणं होतं." एवढंच. रूपाली म्हणाली, "सर, त्यापेक्षा दोन चापट्या मारल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्यांचा शोधनिबंध निघाला. त्यात रूपालीचं नाव आधी होतं, आणि कृतीमध्ये वीज खंडित झाल्याचा उल्लेख स्पष्ट केलेला होता. तो काढून तिथं नुसतं 'नियंत्रित शीतन' लिहा, असं तपासणाऱ्यानं सुचवलं होतं. मॅडमनी उलट कळवलं की पहिल्या वेळी नियंत्रण नव्हतं. वीज गेल्याचं आणि पहिल्या वेळी नियंत्रण नसल्याचं, अशी दोन्ही वाक्यं निबंधात राहिली. पुढं कधीतरी मला आढळलं की परदेशातल्या एका गटानं टप्प्याटप्प्यानं निववत कवच चढवायची रीत आमच्या आधीच वापरलेली होती. मी जड मनानं मॅडमना तो निबंध दाखवला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे खरं आहे हे," त्या म्हणाल्या. "मला भीती होती, की फक्त अकोल्यातच होतं की काय."

निवृत्तीनंतर त्यांनी कॉलेजात येणं कमी केलं, पण फोन चालू असे. आता त्यांच्या डोक्यात मायक्रो-एलईडी होते. धुळीच्या कणाएवढे दिवे, एकेका पडद्यात लाखोंनी, प्रत्येक दिवा स्वतःच पेटणारा. मागून उजेड टाकायची गरज नाही, काळं म्हणजे खरंच विझलेलं. अडचण ही की इतके दिवे उचलून जागच्या जागी मांडायचे कसे, आणि त्यातला लाल तर फार बारीक केला की उजेडच धड देत नाही. यावर काही जणांची युक्ती अशी, की सगळे दिवे निळेच करायचे आणि लाल-हिरव्याच्या जागी वर क्वांटम ठिपके बसवायचे. मॅडमना याचं फार अप्रूप वाटलं होतं. "काळे सर, ठिपका सरळ दिव्याच्या डोक्यावर बसणार. उष्णता बघा किती. अकोल्याची गच्ची त्याच्यापुढं सावलीच म्हणायची. टिकेल?" मी म्हणायचो, सांगता येत नाही. "मलाही," त्या म्हणायच्या, आणि त्यांना त्याचा आनंद व्हायचा.

त्यांना जाऊन आता बराच काळ झाला. आजार थोड्या दिवसांचा होता. कॉलेजात शोकसभा झाली, तिथं त्यांच्या शिस्तीबद्दल आणि साधेपणाबद्दल बोललं गेलं.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अकोल्यात, एका लग्नात. आमच्याच कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. संध्याकाळचं स्वागत होतं आणि लॉनवर स्टेजच्या मागं भिंतीएवढा एलईडी पडदा लावला होता. नवरा-नवरीचे फोटो त्यावर मोठे होऊन येत होते. जेवणाच्या रांगेत मॅडम माझ्या पुढं होत्या. पाहता पाहता नव्हत्या. ताट ठेवून त्या कुठं गेल्या म्हणून मी शोधायला लागलो, तर त्यांच्याबरोबर आलेल्या अक्कानं हातानंच दाखवलं. "ते पाहा, पडद्याच्या मांगं गेली. सारे लोक समोरून पाहून राहिले, आन् इले मांगूनच पायजे."

पडदा जमिनीपासून वीतभर उंच होता. त्याच्याखालून आधी मला वायरी दिसल्या, मग पडदा सांभाळणाऱ्या पोराचे बूट, आणि बुटांच्या बाजूला मॅडमच्या चपला. मी जवळ गेलो तसं बोलणं ऐकू आलं.

"यातला एक दिवा मेला तर तुम्हाला कळतं कसं? मागून की समोरून?"

"समोरून, मावशी. मग मागून पूर्ण डबीच बदलतो आम्ही. अशी निघते ही."

"बरं. मंग?"

"मग नवीन लावायची."

"चालू असताना निघते?"

"निघते ना."

"दाखवता का?"

पोरगं जरा घुटमळलं असावं. मी पुन्हा समोर आलो. पडद्यावर नवरीचा हसरा चेहरा दोन पुरुष उंच होऊन उभा होता. तिच्या गालावरचा एक चौकोन अचानक काळा झाला. स्टेजवरचा फोटोग्राफर ओरडला, वरमाय उठून उभी राहिली, पाहुण्यांनी ताटातून माना वर केल्या. सगळ्यांच्या नजरा त्या काळ्या चौकोनावर होत्या. मी खाली पाहत होतो. पडद्याखाली मॅडम टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिल्या होत्या, आत नीट दिसावं म्हणून.